डोमाजीनं घर दहा फूट मागं घेतलं

घरं पुढं सरकतात. आधी पायरी पुढं येते, मग पायरीला जाळी, जाळीवर टिनाचा पत्रा, आणि एक दिवस सकाळी उठून पाहावं तर तिथं भिंत. अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या गल्लीत बावीस घरं आहेत. भिंतीला भिंत लावून उभी, चौदा फूट रुंद, वर एक माळा. बावीसच्या बावीस पुढं सरकली. माझंही सरकलं, खोटं कशाला बोलू? मी भगवंत शिरसाट, एसटी स्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर होतो. नोकरीत कमावलेली सगळी अक्कल लावून मी माझी बैठक नालीच्या काठापर्यंत नेली. त्यामुळं समोरच्या डोमाजी तेलगोटेनं गेल्या थंडीत आपलं घर मागं घ्यायला काढलं, तेव्हा मला वाटलं, म्हातारा सटकला.

डोमाजी माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणजे सत्तर. मूळचा दर्यापूरकडचा. बाप दुसऱ्याच्या शेतात सालदार. हा शिकला, आयटीआय केलं, वीज मंडळात लाइनमन लागला आणि चौतीस वर्षं खांबावर चढला. एकदा वरून पडला, उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली, तर तिसऱ्या महिन्यात गडी पुन्हा खांबावर. बोलणं कमी. इतकं कमी की माझ्यासारख्या मोठ्या गळ्याच्या माणसाला राग यावा. आपण दहा वाक्यं बोलावीत आणि त्यानं "हव" म्हणून मोकळं व्हावं. त्याची बायको ललिता मात्र त्याच्या वाटणीचंही बोलून घ्यायची. अकोल्यात नळ चार-पाच दिवसांआड येतो, कधी येईल त्याचा नेम नाही. नळाला पाणी आलं की ही बाई ताटलीवर चमचा बडवत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. कोणी गावाला गेलेलं असलं तर त्याचा ड्रम भरून ठेवायची, आणि तो परत आला की ड्रम घासून का ठेवला नव्हता म्हणून त्यालाच चार शिव्या द्यायची.

या नवराबायकोच्या घराला ओटा होता. ओटे तसे सगळ्यांनाच होते, पण गल्ली बसायची डोमाजीच्या ओट्यावर. त्याचं कारण लोडशेडिंग. काय सांगू बाप्पा ते दिवस! मे महिन्यात दिवे लागायच्या वेळेला लाइन जायची, पंखा बंद, कुलर बंद, माणूस घरात नुसता शिजायचा. सगळी गल्ली बाहेर. लाइनीची खबर असणारा माणूस एकच. "डोमाजी, आज किती वेळ गा?" "दीड घंटा." एवढ्यासाठी वीस माणसं तिथं बसून राहायची. शेंगा फोडायची, राजकारणावर भांडायची, एकमेकांच्या पोरींसाठी स्थळं काढायची. शेजारच्या इनायतुल्ला मिस्त्रीची बायको आयशाबी तिथंच बसून शेवया मोडायची, आणि ललिता सगळ्यांना बोल लावत मधोमध. डोमाजी भिंतीला टेकून ऐकत असायचा. त्याच्या तोंडावर तेव्हा जे समाधान असायचं, ते मी नंतर कधी पाहिलं नाही.

मग लोडशेडिंग गेलं. चांगलंच झालं, त्याबद्दल कोण रडेल? घरोघरी इन्व्हर्टर आले, एसी आले, जो तो आपापल्या खोलीत थंड झाला. नालीच्या कामात महापालिकेनं ओटे अर्धे फोडले आणि उरलेल्या अर्ध्यावर आम्ही भिंती घातल्या. डोमाजीनंही घातली. त्याची एकुलती एक मुलगी दीपमाला तेव्हा लग्नाची होती, पाहुणे आले तर बसवायचं कुठं, म्हणून ललितानंच हट्ट धरला. बैठक झाली, सोफा आला, लग्न झालं, दीपमाला अमरावतीला नांदायला गेली. त्या सोफ्यावर त्यानंतर कोणी बसलं असेल तर ते मांजरच.

आता पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो. वीस सालच्या मे महिन्यात ललिताला करोना झाला. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ती आपल्या पायांनी चढली. चढता चढता माझ्या बायकोला ओरडून म्हणाली, "वच्छला, नळ आला तं आमची टाकी भरजो व." पाचव्या दिवशी ती गेली. घरी आणलीच नाही, महापालिकेच्या माणसांनी परस्पर नेली. डोमाजीलाही निघाला होता, तो घरात कोंडलेला. दीपमाला अमरावतीत, जिल्ह्याच्या हद्दी बंद. आम्ही बौद्ध. आमच्यात माणूस गेलं की लोक येऊन बसतात. फार बोलत नाहीत, पण बसतात. मग वंदना होते, पुण्यानुमोदन होतं, चार घास एकत्र खाल्ले जातात. ललितासाठी यातलं काही म्हणता काही झालं नाही. गल्लीतलं एक माणूस तिच्या दारात बसलं नाही.

आणि टिना. आधी महापालिकेनं टिनाचे पत्रे गल्लीच्या तोंडाशी ठोकले होते. त्यानं दूध येईना, भाजी येईना, सगळे वैतागले. माझी तिथं एकाशी ओळख होती. मी फोन केला आणि म्हटलं, "अख्खी गल्ली कायले कोंडता? ज्याच्या घरी बिमारी आहे त्याच्या दाराले लावा ना." त्यांनी लावल्या. ललिता गेल्याची खबर आली त्याच दिवशी संध्याकाळी. चौदा दिवस मला समोर डोमाजीचं दार दिसलं नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. समोर पाहावं लागत नव्हतं.

पुढं पाच वर्षं डोमाजी त्या घरात एकटा राहिला. सकाळी दार झाडायचा, दुधाची पिशवी घ्यायचा, दार लावून घ्यायचा. त्याच्या घरात टीव्ही मोठ्यानं चालायचा. दीपमाला महिन्या-दोन महिन्यांनी यायची आणि प्रत्येक वेळी तेच म्हणायची, घर विका, अमरावतीला चला. तो "हव" म्हणायचा आणि जायचा नाही. वाटेत भेटला की आम्ही एकमेकांना "जयभीम" घालायचो आणि आपापल्या दारात शिरायचो. दोन दारांमध्ये अंतर अकरा फूट.

तर गेल्या थंडीत एका सकाळी इनायतुल्ला मिस्त्री माणसं घेऊन डोमाजीच्या दारात आला आणि पहिला घण पडला तो बैठकीच्या भिंतीवर. सगळी गल्ली आपापल्या जाळीमागून पाहायला लागली. मी खाली उतरलो आणि विचारलं, "काय गा मिस्त्री, माळा चढवून राहिला का?"

इनायतुल्लानं घण खाली ठेवला. "माळा कायचा भाऊ! चाळीस साल झाले, लोकायचे घरं पुढं घेऊन राहिलो. ये पहला आदमी मिला, बोलता है पीछे लेव."

आणि खरंच घर मागं गेलं. पुढची भिंत गेली, बैठक गेली, सोफा भंगारवाल्याच्या गाडीवर गेला. नवी भिंत आणि दार दहा फूट आत. पुढं नुसता ओटा, गुडघ्याएवढ्या उंचीचा, शहाबादी फरशीचा. वरचा माळा दोन सागवानी खांबांवर पेललेला, त्यामुळं सावली. जाळी नाही, फाटक नाही. गल्लीतून चालणारा माणूस सरळ येऊन टेकू शकेल असा.

लोक काय काय बोलले! एक म्हणाला वास्तुदोष निघाला. दुसरा म्हणाला भिंतीत ललितानं काहीतरी पुरलं होतं. पण खरी आग लावली खुशालरावनं. हा गल्लीच्या टोकाचा, निवृत्त तलाठी, जमिनीच्या गोष्टीत त्याचा शब्द शेवटचा. तो म्हणाला, "रस्ता रुंद होऊन राहिला. डोमाजी वीज मंडळाचा माणूस. खांब हलवाचे असले की या लोकायले आधी समजते. यानं चूपचाप आपलं घर वाचवलं."

झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही सात जण महापालिकेत. मीही होतो, सगळ्यांत पुढं. खिडकीतल्या माणसानं नकाशा काढला, पाहिला आणि म्हणाला, "तुमच्या गल्लीचं काहीच नाही. पण आता आलेच आहात तर कोणाची भिंत नालीवर आहे ते मोजून घ्यायचं का?" आम्ही सातही जण शेपूट घालून परत आलो. आणि स्वतःची चूक म्हटल्यावर राग कोणावर निघणार? डोमाजीवर. महिनाभर कोणी त्याच्याशी नीट बोललं नाही.

ओटा तयार झाला. डोमाजीनं तो धुतला, पुसला आणि संध्याकाळी पाच वाजता भिंतीला टेकून बसला. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी पलीकडच्या नितेशनं, त्याचं मोबाइलचं दुकान आहे, सावली चांगली म्हणून आपली मोटारसायकल ओट्यावर चढवली. मोटारसायकल गेली की डोमाजी तेलाचा डाग पुसायचा. एक भाजीवाली बाई दुपारी टोपलं टेकवून पाच मिनिटं बसली, तर यानं आतून पाण्याचा तांब्या, गूळ, आणि काय काय आणलं. ती बाई घाबरून उठून गेली.

मला राहवलं नाही. एका संध्याकाळी मी माझ्या दारातूनच विचारलं, "डोमाजी, चांगलं घर काहून फोडलं बे? कोण बसते इथं आता?"

तो बोलला, आणि एवढं तो माझ्याशी आयुष्यात कधी बोलला नव्हता. "ललिता गेली तवा कोणी आलं नाई. लोकायचा दोष नाई, भगवंता. तवा बंद घरात कोण येईन? मी लय विचार केला. ओटा असता तं लोक मोकळ्यात बसले असते, लांब लांब. तोंडाले बांधून बसले असते. मी आत दारात बसलो असतो. भिंत मधात आली." मग म्हणाला, "एक खेप लोकायनं तिच्यासाठी बसाव, बस. मंग मी दीपमालाकडे जातो, नाई तं इथंच मरतो. पण एक खेप."

त्याला भिंत आठवत होती आणि मला टिना.

"बस ना उलीसक," तो म्हणाला.

"काम आहे," मी म्हटलं आणि घरात गेलो. काम काय होतं? टीव्हीवर बातम्या. चांगल्या भल्या माणसाला असं तोंडावर टाळून मी बातम्या पाहत बसलो, आणि एकही बातमी डोक्यात शिरली नाही.

मार्चमधला पहिला रविवार. सकाळी सात वाजता वच्छला दूध घ्यायला दारात गेली ती तशीच परत आली. "आवो, डोमाजीभाऊच्या घरी काई तरी झालं," ती म्हणाली.

मी पाहिलं. ओट्यावर विहारातल्या दोन सतरंज्या अंथरलेल्या, त्यांवर पांढरी चादर. गल्लीत दोन्ही बाजूंना मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. कोपऱ्यात पाण्याची कॅन, तिच्यावर उलटा पेला. आणि भिंतीला टेकून, पांढरा सदरा घालून, मांडी घालून डोमाजी. आता मला सांगा, याचा दुसरा काय अर्थ होतो? हल्ली आमच्या गल्लीत बाहेर सतरंजी पडते ती एकाच कारणासाठी. वाढदिवस हॉलमध्ये होतात, लग्नं लॉनवर होतात. दारात चादर आणि खुर्च्या म्हणजे माणूस गेलं.

त्या भाबड्या माणसाच्या मनात तसं काही नव्हतं. लोक नुसत्या ओट्यावर बसत नाहीत, तर नीट मांडून ठेवू, चहा करू, कोणी तरी येईल, एवढंच त्याला वाटलं होतं. आत गॅसवर वीस माणसांचा चहा ठेवला होता. हे त्यानं मला नंतर सांगितलं. कोणाला बोलावणं मात्र केलं नव्हतं. त्याच्या डोक्यात ओट्यावर बोलावणं नसतं, माणसं आपसूक येतात.

आणि आली! वच्छलानं दोन घरी सांगितलं, नितेशनं गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, 'तेलगोटे परिवारावर दुःखाचा डोंगर कोसळला.' अर्ध्या तासात गल्ली जमा झाली. पुरुष खांद्यावर दुपट्टा टाकून, बाया डोक्यावर पदर घेऊन. इनायतुल्ला टोपी घालून आला, मागं आयशाबी. नितेशनं आधी आपली मोटारसायकल उतरवून दूर नेऊन लावली. वच्छला घरात जाऊन पिठलं टाकायला लागली, दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. आणि मी? मी पण गेलो. तीन महिने ज्या ओट्यावर टेकलो नव्हतो, तिथं जाऊन डोमाजीच्या शेजारी बसलो. मेल्या माणसासाठी जायला आमच्या पायांना बरोबर वेळ सापडतो.

अशा घरी गेल्यावर 'कोण गेलं' असं कोणी तोंड उघडून विचारत नाही. येतात, हात जोडतात, बसतात. तुमच्याआधी जो बसला त्याला माहीत असणार, असं प्रत्येकाला वाटतं. सगळ्यांनी मनातल्या मनात धरून घेतलं होतं, दीपमाला. दुसरं होतंच कोण त्याला? बाया पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागल्या. डोमाजी प्रत्येक येणाऱ्याकडे पाहत होता. पहिल्या दोघांना पाहून त्याचा चेहरा उजळला होता, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मग तो गोंधळला. मग त्यानं चादरीकडे, खुर्च्यांकडे, आपल्या सदऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यानं पुसलंही नाही. ते पाहून उरलेल्यांची खात्रीच पटली.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. वाकड्या बोटांनी त्याला फोन कानाला नीट धरता येत नाही, म्हणून तो नेहमी स्पीकरवर बोलतो. सगळ्यांना ऐकू आलं. "बाबा, तुमी बरे आहा ना? मले लोकायचे फोन येऊन राहिले. कोण गेलं?"

दीपमालाचा आवाज. ओट्यावरची पस्तीस-चाळीस माणसं जागच्या जागी थिजली. पोरगी जिवंत आहे, मग आपण आलो कशासाठी?

डोमाजीनं फोन दोन्ही हातांत धरला. "तुयी माय गेली, बाई," तो म्हणाला.

पलीकडं नुसता तिचा श्वास. मला वाटलं, आता ही ओरडेल, बाबा तुम्हाला वेड लागलं म्हणेल. ती म्हणाली, "किती जण आले?"

"सगळेच आहेत. मिस्त्रीभाऊ आहेत. आयशाबी आहे. भगवंत आहे बाजूले."

"फोन बंद नका करू, बाबा," ती म्हणाली. "तसाच राहू द्या खाली." डोमाजीनं फोन पांढऱ्या चादरीवर ठेवला. त्या पोरीलाही आईसाठी कोणाजवळ बसायला मिळालं नव्हतं, हे तोवर माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

खुशालराव उठला. दुपट्टा झटकला. "पाच वर्षं झाले त्या गोष्टीले. सकाळी सकाळी लोकायले काय खेळ लावला का?" तो गेला. त्याच्यामागून आठ-दहा माणसं गेली. कोणी तरी हसलंही. माझाही एक पाय उचलला गेला होता, लपवत नाही. या घोळात आपण नको, असं वाटलं. खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. डोमाजीनं कोणाला थांब म्हटलं नाही, मान खाली घालून बसला. आणखी दोघं-तिघं उठले असते तर सगळेच उठले असते आणि सगळंच संपलं असतं.

आयशाबी हलली नाही. ती खाली सतरंजीवर बसली होती, गुडघे धरून. कोणाकडं न पाहता ती बोलायला लागली. "मेरी नगमा हुई तवा मी महिनाभर बाजेवर. हे बाहेरगावी कामावर. रोज ड्रम भरलेला. मैं समझी सासू भरती है. सासू समझी मैं किसी को बोली. ललिताबाई भरत होती. मरेपर्यंत बोलली नाई ती. मले तिच्या मयतीनंतर कळलं, अन् रडाले जागा नव्हती."

मग इनायतुल्ला बोलला. मग आणखी एक. नितेशनं सांगितलं, "मी खर्रा थुकलो होतो या ओट्यावर, बारावीत होतो. काकूनं कान धरून माह्याच हातानं अख्खा ओटा धुवून घेतला. मंग जेवू घातलं." लोक हसले. डोमाजीही हसला. फोनमधून हसण्याचा आवाज आला, आणि मग रडण्याचा. कोणी तरी वंदना सुरू केली, बाकीच्यांनी हात जोडले. वच्छला पिठलं-भाकरी घेऊन आली तेव्हा तिला काही माहीत नव्हतं. तिला सांगितलं, तर ती टोपलं तिथंच ठेवून मटकन खाली बसली आणि म्हणाली, "मी तिची टाकी नव्हती भरली." एवढंच. पाच वर्षांत माझ्याशी हे बोलली नव्हती ती.

दहा वाजले तसे लोक उठायला लागले. दुःखाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. हात जोडायचे आणि मुकाट्यानं निघायचं. तसेच सगळे गेले, एकेक करून. दीपमालानं फोन ठेवला. वच्छला भांडी घेऊन घरी गेली. ओट्यावर मी आणि डोमाजी.

मी म्हटलं, "डोमाजी, त्या टिना तुह्या दाराले मी लावाले लावल्या होत्या."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"ठोकणाऱ्यानं. म्हने, समोरच्या भाऊचा फोन होता."

"मंग एवढे वर्षं बोलला काहून नाई? भिंत भिंत काय करत होता?"

"तू येऊन बसला असता तं बोललो असतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, मला ते जमतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. तो माझ्याकडं पाहत होता, मधेच आत गेला आणि गार झालेला चहा दोन कपांत घेऊन आला. आम्ही तो तसाच प्यायलो. त्यात साखर जास्त होती.

मग मी उठलो, चपला घातल्या, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "येतो." लगेच जीभ चावली. अशा दिवशी हे बोलू नये, एवढी अक्कल मला आहे.

डोमाजीनं मान वर केली. "कवा?" त्यानं विचारलं.

मी ओट्याखाली उभा, आणि तो खरोखरच उत्तराची वाट पाहत होता.

"सांजच्याले," मी म्हटलं. "वच्छलाले घेऊन."

"मंग सतरंजी राहू देतो," तो म्हणाला.